धक्क्यावरची गोष्ट

नेआफू, ववाऊ बेट
३ मार्च

लाडक्या आत्या,

फोन लावला की आतोबाच उचलतात आणि "आत्या कामात आहे" म्हणून ठेवून देतात. एवढी कसली कामं असतात गं तुला? शेवटी आई म्हणाली, कागदावर लिही आणि बोटीवर खानावळ चालवणाऱ्या फीपेच्या हातात दे, ती राजधानीत तुझ्या चटया विणायच्या घरी पोचवेल. म्हणून हा खटाटोप. अक्षराला हसू नकोस.

इथे सगळं नेहमीसारखं. सात वाजले की अर्धी आळी आमच्या घरात चटईवर, समोर टीव्ही आणि टीव्हीत आर्मांदो. तू बघतेस की नाही ती मालिका? काल त्याने क्लारिसाला भर मांडवात थोबाडीत मारली आणि मग तिच्या पायाशी बसून स्वतःच हमसाहमशी रडला. आम्हीही सगळ्या रडलो. आईसुद्धा.

केलेपीदादा अर्थात बाहेर. बहिणी आत असताना असली प्रेमाबिमाची मालिका बघायला भाऊ आत बसेल तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तो नीरफणसाखाली नारळ खवत बसतो आणि कुडाच्या भिंतीतून जे ऐकू येईल ते ऐकतो. परवा आईला म्हणाला, "तो माणूस त्या बाईला रोज मारतो आणि तुम्ही रोज गोळा होऊन ऐकता?" आई म्हणाली, "तुला त्याचा चेहरा दिसत नाही ना, म्हणून तुला तसं वाटतं." खरंच आहे. चेहरा दिसला असता तर दादाही रडला असता.

शाळेत राजधानीहून छापील फॉर्म आले होते, मुलं टीव्हीवर काय बघतात आणि त्यांना काय वाटतं याचे. नाव लिहायचं नव्हतं. सातवा प्रश्न असा: पुरुषाने रागाच्या भरात हात उगारला तर ते प्रेमापोटी असू शकतं का? मी "हो"वर खूण केली. वर्गात एक सोडून सगळ्यांनी केली. फॉर्म गोळा करताना बाईंनीच ते मोजलं.

आता खरी गोष्ट. फेलेती, म्हणजे आतोबांच्या बहिणीचा मुलगा, शाळेच्या थांब्यावर येतो. परवा मी वर्गातल्या एका मुलाशी गणिताबद्दल बोलत होते, तर हा आला आणि सगळ्यांसमोर माझं मनगट धरून ओढत घेऊन गेला. चार बोटं उमटली होती. मी दिवसभर वहीआड हात धरून तीच बघत होते. मैत्रिणी जळून खाक झाल्या.

मला लगेच तुझी धक्क्यावरची गोष्ट आठवली. आमच्या घरात प्रत्येक लग्नात ती कुणीतरी सांगतंच, पण मला ती तुझ्या हातची लिहिलेली हवी आहे. पाठव ना.

तुझी,
उना

---

नुकुआलोफा
१९ मार्च

उना बये,

तुझं पत्र फीपेने चटयांच्या गठ्ठ्यात लपवून आणलं, जशी काही मी सोळा वर्षांची आणि माझा प्रियकर बोटीवर कामाला. पुन्हा लिहिलंस तरी असंच पाठव. पोस्टात टाकू नकोस आणि फोनही करू नकोस. तुझ्या आतोबांना सगळं आधी स्वतः ऐकायचं असतं, तुला माहीतच आहे. वाचून झालं की चुलीत टाक.

अक्षराचं म्हणशील तर हसायची पाळी तुझी आहे. विणकामाच्या घराच्या ओल्या पायरीवर घसरले, उजवा हात गळ्यात बांधलाय, हे डाव्या हाताने लिहितेय. कोंबडीने लिहिल्यासारखं दिसतंय. हे तुझ्या बाबांना सांगू नकोस, उगाच काळजी करेल.

तर गोष्ट. लग्नाला एक वर्ष झालं होतं. रविवारच्या भट्टीत अळूच्या पानातलं मांस करपलं, त्यावरून मोसेसे काहीतरी बोलला आणि मी रुसले. पिशवी भरली आणि निघाले माहेरी. बोटीच्या शिडीवर अर्ध्यात पोचले होते. तेवढ्यात हा अनवाणी धावत आला, माझा हात धरला आणि मला खाली ओढलं. पिशवी गेली समुद्रात. "ही माझी आहे," तो ओरडला आणि धक्क्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. झालं. तुझा आर्मांदो काय करेल असं?

सातव्या प्रश्नाला मीही "हो"च लिहिलं असतं.

एक विचारते, सहजच. तू "सोड" म्हटलंस की फेलेती हात सोडतो का गं?

तुझी आत्या,
लेसिएली

---

नेआफू
१४ एप्रिल

आत्या,

पत्र चुलीत टाकलं नाही. उशीखाली ठेवलंय. रागाव.

"सोड म्हटलं की सोडतो का" म्हणजे काय? तसा सोडला तर तो धरण्यात काय अर्थ? आतोबांनी तुला सोडलं असतं तर तू माहेरी येऊन बसली असतीस आणि आमच्या लग्नांत सांगायला गोष्टच उरली नसती.

आता आपण दोघी अगदी सारख्या झालो. माझाही फोन फेलेतीकडे असतो. म्हणतो, "तुला कुणाकुणाचे फोन येतात ते मला कळायला नको का?" गणितवाल्या मुलाशी बोलणं बंद केलं. मैत्रिणींकडेही फारसं जात नाही, कारण तो विचारतो की इतका वेळ काय बोलत होतीस, आणि मला ते आठवून सांगता येत नाही.

केलेपीदादाला तो आवडत नाही. पण दादा हे माझ्याशी बोलू शकत नाही आणि मी त्याला विचारू शकत नाही, त्यामुळे तो नारळ जरा जास्त जोरात खवतो एवढंच.

मोठी बातमी पुढे आहे. फेलेतीच्या घरचे मला मागायला येणार आहेत, जुलैच्या सुरुवातीला. शाळा मग सुटेल. बाईंना ते पटत नाही, त्यांनी माझ्यासाठी शिष्यवृत्तीचा फॉर्म मागवून ठेवलाय. आई म्हणते शाळा पुरी कर. बाबा म्हणाले, "माझ्या बहिणीचा शब्द या घरात शेवटचा. लेसिएली हो म्हणाली तर हो, नाही म्हणाली तर नाही." तेव्हा सगळं तुझ्यावर आहे. तू हो म्हण, आत्या. धक्क्यावर ज्याच्यासाठी टाळ्या वाजल्या त्याच घरातला मुलगा आहे.

उना

---

नुकुआलोफा
३० एप्रिल

प्रिय उना,

हे पत्र पोस्टाने पाठवत आहे. आम्ही सर्व खुशाल आहोत. तुझ्याबद्दल तुझ्या आतोबांशी बोलणे झाले. फेलेती चांगल्या घरातला, देवाला भिणारा मुलगा आहे. त्याच्या घरचे मागणी घालतील तेव्हा माझा होकार आहे असे तुझ्या बाबांना कळवावे. शिक्षण लग्नानंतरही होऊ शकते. आई-बाबांना सप्रेम नमस्कार.

खाली तुझे आतोबाही आनंदाने सही करत आहेत.

लेसिएली
मोसेसे

---

नेआफू
१७ जून

आत्याबाईंना,

तुमचं शेवटचं पत्र आलं त्या दिवशी मी ते छातीशी धरून नाचले होते. दोघांच्या सह्या एकाखाली एक. मला वाटलं, बघा, पत्रसुद्धा मिळून लिहितात.

६ जूनला, गुरुवारी, घरातले आणि आळीतले सगळे चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेले होते. मी अभ्यासासाठी मागे राहिले. केलेपीदादा बाहेर झाडाखाली होता. मागच्या दाराने फेलेती आला. मी बाईंकडून शिष्यवृत्तीचा फॉर्म आणला हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याने आधी टीव्हीचा आवाज वाढवला. मग मारलं. एकदा नाही. डाव्या कानावर बसली तेव्हा आत काहीतरी फुटलं आणि शिट्टी वाजायला लागली, ती अजून वाजते. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय.

मी ओरडले. रडले. "सोड" म्हटलं. तुम्ही विचारलं होतंत ना, त्याचं उत्तर.

दादा दहा पावलांवर होता. मला त्याच्या खवणीचा आवाज येत होता, एकसारखा, जराही न थांबता. त्याला नावाने हाक मारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण घरात मी एकटी आणि बरोबर मुलगा, हे भावाला कसं दाखवू? मी हाक मारली नाही. आणि टीव्हीतल्या गलक्यातून फक्त रडणं ऐकून त्याला वाटलं, सात वाजले, मालिका लागली.

दुसऱ्या दिवशी तो आईला म्हणाला, "काल त्या बाईला फारच मारलं बुवा. मला ऐकवेना." आई म्हणाली, "काल कुठली मालिका? काल रग्बीचा सामना होता." दादाने खवणी खाली ठेवली. मग म्हणाला, "मग काल घरात कोण रडत होतं?"

तोवर मी केस कानावर ओढून फिरत होते. तेव्हापासून दादा जेवायला घरात येत नाही.

आईला सगळं कळलं आहे. बाबांना सांगितलंय की मी विहिरीपाशी पडले. आई म्हणते, "आत्याचा होकार आहे. तो मोडायचा तर तिनेच मोडायचा, दुसऱ्या कुणाला तो अधिकार नाही."

आता दुसरं. परवा फीपे आली होती. माझा कान बघून तिने पदार्थांची टोपली खाली ठेवली आणि मला धक्क्यावरची गोष्ट सांगितली. ती तेव्हा शिडीपाशी तिकिटं बघत होती. ती म्हणाली, टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. अळूची पानं करपली नव्हती. तुम्ही रुसून नाही, पळून निघाला होतात. हात खांद्यातून निखळला त्याचा आवाज तिने ऐकला, आणि तो हात गेल्या पंधरा वर्षांत तीनदा निखळलाय. या मार्चमध्येही. विणकामाच्या घराला पायरीच नाही म्हणे.

मी तुम्हाला विचारलं होतं. लहान मुलीसारखं विचारलं होतं, मला तुमच्या हातची गोष्ट पाठवा. तुम्ही गळ्यात हात बांधून, डाव्या हाताने, मला ती लिहून पाठवलीत. आणि वर "हो"वर खूण केलीत. आर्मांदो खोटा आहे हे मला माहीत होतं, तो टीव्हीत राहतो. तुम्हाला मी खरं समजत होते.

सोमवार १ जुलैला ते लोक येणार आहेत. तुमचं हो तुम्ही परत घ्या. मला दुसरं काही नको.

उनालोतो

---

नुकुआलोफा
२४ जून

उना,

तुझं पत्र विणकामाच्या घरी सगळ्याजणींसमोर वाचलं. मला वाटलं होतं की रडू येईल. लाज वाटली, तीही इतकी की मान वर करता येईना.

फीपेने सांगितलं ते सगळं खरं आहे. जे तिला माहीत नाही ते मी सांगते. धक्क्यानंतर दोन महिन्यांनी तुझे बाबा आले होते. माझा हात बघून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "हे कसं झालं?" आणि लगेच मान वळवली. भाऊ त्याहून जास्त एक शब्द विचारू शकत नाही आणि बहीण सांगू शकत नाही. नवऱ्याचं नाव घेतानाही मी भावासमोर खाली बघते. तेवढ्यात मोसेसे हसला आणि त्याने ती गोष्ट सुरू केली, रुसवा, करपलेली पानं, सगळं. अर्ध्यात थांबून माझ्याकडे बघितलं. उरलेली मी पुरी केली. टाळ्या मी घातल्या, उना. त्या माझ्या आहेत. तुझ्या बाबांचा चेहरा असा मोकळा झाला की मला वाटलं, जाऊ दे, एवढ्याने त्याला झोप तर येईल. पुढच्या लग्नात कुणीतरी म्हणालं, सांग की गं पुन्हा. मग ती सुटलीच नाही.

आणि एप्रिलचं पत्र. मोसेसे टेबलापलीकडे बसला होता. शब्द त्याचे, हात माझा. पण मार्चचं पत्र लिहिताना समोर कुणी नव्हतं. ते माझं मीच लिहिलं. तुला खरं लिहिलं असतं तर माझी एक सुंदर गोष्ट गेली असती, आणि दुसरं माझ्याजवळ काही नव्हतं. यासाठी माफी मागत नाही. मागितली तर तुला ती द्यावी लागेल.

आता हे नीट वाच. मी, लेसिएली, माझ्या भावाच्या मुलीसाठी दिलेला होकार परत घेते. उना त्या घरात जाणार नाही. ती शाळेत जाईल.

मी शुक्रवारच्या बोटीने निघते, शनिवारी पोचेन. सोमवारी ते डुक्कर आणि चटया घेऊन येतील तेव्हा आत्याच्या जागी, सगळ्यांत वरच्या चटईवर मी बसेन. आणि धक्क्यावरची गोष्ट सांगेन, जशी झाली तशी, तुझ्या बाबांसमोर आणि केलेपीसमोर. त्यांना बाहेर जाऊ देऊ नकोस.

लेसिएली

---

बोटीवर, हाआपाई बेटांच्या पुढे
३ जुलै

आत्याबाई,

हे फीपे तुम्हाला विणकामाच्या घरी देईल. तिथे नसलात तर घरी येऊन देईल, ती म्हणते तिला आता कुणाची भीती उरलेली नाही.

शनिवारी मी धक्क्यावर उभी होते. सगळे उतरले. शेवटी फीपे आली, हातात फक्त तुमची पिशवी. ती म्हणाली, तुम्ही शिडीवर अर्ध्यात पोचला होतात, पिशवी तिने तुमच्या हातातून आधीच घेतली होती म्हणून वाचली. आणि तो धावत आला.

रविवारी चर्चनंतर वर्गातल्या एका मुलीने मला तिच्या फोनवर दाखवलं. राजधानीच्या धक्क्यावर कुणीतरी चित्रण केलं होतं. तुम्ही शिडीवर, आतोबा तुमचा हात धरून ओढताहेत, तुमचं तोंड उघडं आहे. आवाज नाही. त्यावर मालिकेचं गाणं घातलंय. आणि या वेळी लोक खरोखरच टाळ्या वाजवताहेत. सगळ्यांना ती गोष्ट माहीत आहे ना, पंधरा वर्षं ऐकलीय सगळ्यांनी. मुलगी म्हणाली, "उना, तुझी आत्या किती नशीबवान गं, या वयातही." केलेपीदादाला फक्त आवाज यायचा. मला फक्त चित्र दिसलं. मी भिंतीपलीकडे जाऊन ओकले.

सोमवारी ते आले. फेलेती रीतीप्रमाणे मानाची नवी चटई कमरेला बांधून, मान खाली घालून बसला होता, अगदी शोभत होता. वरची चटई रिकामी होती. मी तुमची पिशवी आणली आणि तिथे ठेवली. मग तुमचं २४ जूनचं पत्र सगळ्यांसमोर वाचलं, पहिल्या ओळीपासून, आणि फीपेने सांगितलेलं मध्ये मी सांगितलं. हात निखळल्याचं आलं तेव्हा दादा उठला, कारण भावाने हे ऐकायचं नसतं. मी म्हणाले, "बस." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला असं काही म्हटलं. तो बसला. मग माझ्या कानाचं मी माझ्या तोंडाने सांगितलं, तेही त्याच्यासमोर. फेलेतीची आई म्हणाली, "रागाच्या भरात होतं कधी, जीव लावतो म्हणून तर." खोलीत बायका होत्या, रोज आमच्याकडे मालिका बघायला येणाऱ्या. त्यांतल्या काहींनी मान डोलावली. माझी आई उठली आणि तिने दार उघडून धरलं. ते डुक्कर परत घेऊन गेले.

बाबांनी हात पुढे केला. पत्र माझ्याकडून मागून घेतलं, पुन्हा वाचलं, आणि "त्याला झोप तर येईल" या ओळीवर बोट ठेवून बसून राहिले. संध्याकाळी म्हणाले, "बोट कधी आहे?"

ते आता वर डेकवर आहेत. दादा दुसऱ्या टोकाला. त्याने अजून माझ्याकडे बघितलेलं नाही, पण सकाळी माझ्या उजव्या बाजूला, ऐकू येणाऱ्या कानाशी, शहाळं ठेवून गेला. दोघांकडून कबूल करून घेतलंय की कुणीही आतोबांवर हात टाकायचा नाही. तुमच्या दारात ते नुसते उभे राहतील. टाळ्या वाजवणारे येतील त्यांनाही बघू दे.

माझा राग गेलेला नाही. तुम्ही शिडी चढलात म्हणून तो जाईल असंही समजू नका. शिट्टी वाजते तेव्हा मला तुमचं मार्चचं पत्र आठवतं, फेलेती नंतर आठवतो.

बोट दुपारी तीनपर्यंत धक्क्याला आहे. तुमचा हात कुणी धरणार नाही, मीसुद्धा नाही. चालत तुम्हीच यायचं. पिशवी मी शिडीच्या वर ठेवली आहे, तिच्यातलं काहीही काढलेलं नाही.

उना